परत वर्गात जायचंय: रंगनाथन, मद्रास, १९२४

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात रंगनाथन आपल्याला शेवटाकडून भेटतात. आधी पंचसूत्री म्हणजे ग्रंथालयाची पाच सूत्रं, मग द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची त्यांची पद्धत, मग पद्मश्री आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक ही बिरुदं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जन्मसाल. या क्रमाने वाचलं की वाटतं, हा माणूस पाळण्यात असल्यापासूनच तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कार्डं, लावत असणार. प्रत्यक्षात त्यांना ग्रंथपाल व्हायचं नव्हतं. झाल्यावर राहायचंही नव्हतं. नोकरीला लागून थोडे दिवस झाले नाहीत तोच ते वरिष्ठांकडे गेले आणि माझा गणिताचा वर्ग मला परत द्या म्हणाले.

हे प्रकरण मुख्यतः तेवढ्याचंच आहे: जानेवारी १९२४ ते जुलै १९२५, दीड वर्ष. पुढची सत्तेचाळीस वर्षं ओघाने येतील, पण मी रेंगाळणार आहे ते इथे. नको असलेल्या खुर्चीवर येऊन बसलेली माणसं आमच्या पेशात फार भेटतात. गणित, इतिहास, वाणिज्य असं काहीतरी शिकून, अध्यापकाची जागा न मिळाल्याने 'तूर्त लायब्ररीत' आलेली आणि तिथेच निवृत्त झालेली. रंगनाथनही याच वाटेने आले होते. त्यांचं पुढे वेगळं का झालं, एवढाच माझा प्रश्न आहे.

जागा आणि माणूस

शियाली रामामृत रंगनाथन यांचं गाव शियाली म्हणजे आजचं सीरकाळी. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातला भातशेतीचा मुलूख. तंजावर म्हटलं की मराठी माणसाला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतो, पण त्या ग्रंथसंग्रहाचा या गोष्टीशी संबंध जोडायचा मोह टाळलेला बरा. जन्म १८९२चा. स्वतः रंगनाथन ९ ऑगस्ट ही तारीख सांगत. सगळीकडे रूढ झाली ती १२ ऑगस्ट, आणि आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो तोही १२ तारखेलाच. ज्याने जगाला नोंदी करायला शिकवलं त्याचीच पहिली नोंद दोन ठिकाणी दोन प्रकारे, हा विनोद दर ऑगस्टमध्ये कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात होतोच.

वडील गेले तेव्हा ते सहा वर्षांचे होते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गणित घेतलं, १९१६मध्ये एम.ए. झाले. तिथले प्राध्यापक एडवर्ड रॉस हे त्यांचे गुरू. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. बोलताना ते अडखळत. तरीही पेशा निवडला तो दिवसभर बोलावं लागणाऱ्या शिक्षकाचा, आणि ते अडखळणं प्रयत्नाने आटोक्यात आणलं. १९१७पासून मंगळूर, मग कोइंबतूर, मग मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज अशी गणिताची अध्यापकी केली. गणिताच्या इतिहासावर काही निबंध छापून आले. एकूण मार्गी लागलेलं काम होतं. पगार मात्र तुटपुंजा होता, आणि शिक्षकांच्या पगाराचं रडगाणं तेव्हाही आजच्याइतकंच खरं होतं.

१९२३मध्ये मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची जागा निर्माण केली. अर्ज आले सुमारे ९००, आणि त्यात ग्रंथालयाचं रीतसर शिक्षण घेतलेला एकही नाही. यात नवल काही नाही. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून १९११मध्ये बडोद्यात प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला होता. लाहोरला पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन या अमेरिकन ग्रंथपालाने १९१५मध्ये तसाच वर्ग काढला होता. एवढ्या मोठ्या देशात त्यापलीकडे सांगण्यासारखं फारसं नव्हतं. मग निवड समितीने दुसरा निकष लावला: निदान संशोधनाची सवय असलेला माणूस हवा. रंगनाथनांचे ते मोजके निबंध इथे कामाला आले.

अर्ज त्यांनी इतरांच्या आग्रहाने केला होता आणि करून विसरूनही गेले होते. मुलाखतीचं बोलावणं आल्यावर त्यांनी तयारी काय केली, तर ब्रिटानिका विश्वकोशातला ग्रंथालयांवरचा लेख वाचला. या विषयातलं त्यांचं तोवरचं सगळं ज्ञान तेवढंच. त्या भांडवलावर ते निवडले गेले.

आजच्या नियमांत हा उमेदवार छाननीतच बाद झाला असता. याचा अर्थ आजचे नियम चुकीचे आहेत, असं मला म्हणायचं नाही. शिकलेली माणसं उपलब्ध असताना न शिकलेला नेमणं वेगळं, आणि कोणीच शिकलेलं नसताना शिकू शकेल असा माणूस हुडकणं वेगळं. समितीने दुसरं केलं. पण ग्रंथालयाला माणूस मिळाला म्हणजे माणसाला ग्रंथालय आवडेल असं थोडंच आहे?

रिकामी खोली

जानेवारी १९२४मध्ये ते रुजू झाले आणि उबगले. त्यांची तक्रार नोंदलेली आहे आणि मला ती या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद वाटते. काम फार आहे असं ते म्हणाले नाहीत. काम हलकं आहे असंही नाही. ते म्हणाले, ही एकांतवासाची शिक्षा मला सोसत नाही. इथे कर्मचारी सोडले तर माणूस दिसत नाही. कॉलेजातलं आयुष्य किती निराळं होतं!

जरा त्या खोलीत जाऊन पाहू. सहा-सात वर्षं ज्याचा दिवस तासाच्या घंटेने कापला जात होता, ज्याच्या समोर दर तासाला पन्नास-साठ चेहरे येऊन बसत, काहींना कळे, काहींना कळत नसे, आणि ते त्यांच्या तोंडावर वाचता येई, असा माणूस आता कपाटांमध्ये बसला आहे. पुस्तकं आहेत. कारकून आहेत. शिपाई आहे. वाचक जवळजवळ नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आयुष्याचं सोनं झालं. पगार बरा, कटकट नाही, दुपारी डुलकीही काढता येईल. सुखाची नोकरी म्हणतात ती हीच.

वाचक का नव्हते, याचं कारण त्या एका विद्यापीठापुरतं नव्हतं. ग्रंथसंग्रह म्हणजे राखायची चीज, असाच तेव्हाचा रिवाज. ग्रंथपाल हा कोठीवाला. कपाटाला कुलूप, किल्ली त्याच्या कमरेला. पुस्तक हरवलं तर जबाबदारी त्याची, प्रसंगी भरपाईही त्याच्या खिशातून. या व्यवस्थेत शहाणा कोठीवाला एकच गोष्ट करणार: पुस्तक कमीत कमी हातांत जाऊ देणार. जितके वाचक कमी तितका तो सुरक्षित. मी पहिल्यांदा नोकरीला लागलो तिथे माझ्या हातात आधी किल्ल्यांचा जुडगा दिला गेला आणि मग नेमणूकपत्र. वर्षअखेरच्या साठा तपासणीत तीन पुस्तकं कमी भरली तेव्हा, वर्षभरात किती जणांनी किती पुस्तकं वाचली हे मला कोणीही विचारलं नाही. त्या तीन पुस्तकांबद्दल मात्र चार पत्रं आली. रंगनाथनांच्या काळानंतर कितीतरी वर्षांनी घडलेली ही गोष्ट आहे. तेव्हा १९२४ची ती शांत खोली कोणा एकाच्या आळसातून तयार झालेली नव्हती. सगळे नियम मिळून ती तशी ठेवत होते.

रंगनाथनांना तेव्हा हे सगळं असं दिसलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना फक्त एवढं कळलं होतं की इथे माणसं नाहीत आणि माणसांवाचून आपल्याला करमत नाही.

तह

वरिष्ठांनी त्यांना रागे भरून परत पाठवलं नाही आणि लगेच मोकळंही केलं नाही. तोडगा असा निघाला: आधी इंग्लंडला जा, तिथली ग्रंथालयं कशी चालतात ते शिका, परत आल्यावरही मन रमत नसेल तर गणिताची जागा तुमचीच.

हा तह फार हुशारीचा होता, ठरवून असो की योगायोगाने. एक तर त्याला मागचं दार होतं. परत जाता येणार आहे हे ठाऊक असलेला माणूस समोरची गोष्ट डोळे उघडून पाहतो. अडकलेला माणूस तिच्यातल्या उणिवाच मोजत बसतो. दुसरं म्हणजे कंटाळ्यावर त्यांनी उपदेश दिला नाही, दुसरं ग्रंथालय दाखवलं. ज्याने चालतं ग्रंथालय कधी पाहिलेलंच नाही त्याला बंद ग्रंथालयात बसवून 'आवड निर्माण करा' म्हणण्यात काय हशील? आमच्याकडे नव्या ग्रंथपालाला आठवडाभराच्या उजळणी वर्गाला पाठवतात, तिथे त्याला सॉफ्टवेअरचे पडदे दाखवतात आणि प्रमाणपत्र देतात. गर्दी असलेल्या ग्रंथालयात नेऊन महिनाभर देवघेवीच्या टेबलावर बसवत नाहीत.

लंडन

१९२४च्या शरद ऋतूत ते लंडनला पोचले. युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रंथालयशास्त्राची शाळा होती, १९१९मध्ये निघालेली. तिथे वर्गीकरण शिकवायला डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स होते, जे क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे मुख्य ग्रंथपालही होते. म्हणजे सकाळी ग्रंथालय चालवणारा माणूस संध्याकाळी तेच शिकवतो, असा प्रकार. रंगनाथनांनी वर्गापेक्षा बाहेरच जास्त शिकून घेतलं. शंभराच्या वर ग्रंथालयं त्यांनी पायाखाली घातली.

त्यांनी तिथे पाहिलं त्याचं आज आपल्याला काही वाटणार नाही. मुलांसाठी वेगळं दालन, तिथे मुलं स्वतः पुस्तक काढतात आणि फरशीवर बसून वाचतात. कामगार घरी जाता जाता शाखेत डोकावतात. वाचक कपाटांमध्ये मोकळे हिंडतात, कोणी त्यांच्या खिशांकडे बघत नाही. पुस्तक कुठे आहे हे विचारलं की टेबलामागचा माणूस उठून सोबत येतो. मद्रासच्या त्या खोलीतून आलेल्या माणसाला हे कसं वाटलं असेल? पुस्तकं तीच, कपाटं तीच, आणि मधली जागा माणसांनी भरलेली. आपल्याला ज्याचा उबग आला ते ग्रंथालय नव्हतंच, ते कोठार होतं, हे त्यांना इथे उमगलं असावं. 'असावं' म्हणतो, कारण मनातलं मी सांगू शकत नाही. पण परत आल्यावर गणिताची जागा त्यांनी मागितली नाही, एवढं खरं.

आणखी एक गोष्ट घडली, आणि ती त्यांच्यातल्या गणितज्ञाला जागं करणारी होती. वर्गीकरण शिकताना त्यांना ड्यूई यांच्या दशांश पद्धतीची अडचण जाणवू लागली. तिच्यात विषयांची यादी आधीच बांधून ठेवलेली असते. प्रत्येक विषयाला ठरलेला खण. नवा विषय आला, किंवा दोन-तीन विषयांचा संकर झाला, की खण सापडत नाही. एकदा लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हा खेळ पाहिला. भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, चाकं, दांडे, नटबोल्ट. विक्रेता त्याच तुकड्यांतून एकदा एक खेळणं करून दाखवी, मोडून दुसरं करी. रंगनाथनांच्या डोक्यात आलं ते असं: विषयही तयार ठेवू नयेत, त्यांचे तुकडे ठेवावेत, आणि पुस्तक हातात आलं की तुकडे जोडून त्याचा क्रमांक बनवावा. जोडायला बोल्ट हवा, तो म्हणजे दोन टिंबांचं चिन्ह. म्हणून ते द्विबिंदू वर्गीकरण.

ज्यांनी हा विषय शिकलेला नाही त्यांच्यासाठी एकच उदाहरण. समजा पुस्तक आहे 'फुप्फुसांच्या क्षयरोगावरील उपचार'. वैद्यकासाठी 'एल' हे अक्षर. अवयवांच्या यादीत फुप्फुस ४५. रोगांच्या यादीत क्षय ४२१. कृतींच्या यादीत उपचार ६. मध्ये बोल्ट घालून हे जोडा, झाला क्रमांक. उद्या कोणी भारतातल्या उपचारांवर लिहिलं तर देशांच्या यादीतला भारताचा ४४ त्याला लावा. उद्या नवा रोग निघाला तर फक्त रोगांच्या यादीत एक भर. अवयव, कृती, देश सगळे होते तिथेच. चार छोट्या याद्यांतून हजारो क्रमांक निघतात. ज्याला समीकरणात वेगवेगळ्या किमती घालून पाहायची सवय आहे त्यालाच हे सुचावं.

सेयर्सनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे पंचसूत्रीच्या ग्रंथाला त्यांनीच परिचयपर लेख लिहिला. परतीच्या बोटीवर रंगनाथनांनी मद्रासच्या संग्रहाची सूची समोर घेऊन ही नवी पद्धत लावून पाहायला सुरुवात केली. जुलै १९२५मध्ये ते परतले.

वर्ग परत मिळाला तो असा

परतल्यानंतरची कामं चरित्रांत ओळीने दिलेली असतात: मुक्तद्वार पद्धत, संदर्भसेवा, नवी इमारत, संघ, ग्रंथ. मला त्यांत एक धागा दिसतो. या माणसाने गणिताचा वर्ग मागणं सोडलं, वर्ग मागणं काही सोडलं नाही.

आधी कपाटं उघडली. वाचकांना आत घेतलं. ग्रंथालयाची जाहिरात करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. व्याख्यानं दिली, लेख लिहिले, विद्यापीठाकडे आणि सरकारकडे पैशांसाठी हेलपाटे घातले. खोलीत माणसं येऊ लागली. मग आलेल्या माणसाला हवं ते मिळवून द्यायला टेबलामागे शिकलेले लोक हवेत, ते नाहीत, मग शिकवले पाहिजेत. १९२८मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला, त्याचे चिटणीस रंगनाथन. १९२९मध्ये संघाने उन्हाळी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. १९३१मध्ये तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. १९३७मध्ये त्याचा वर्षभराचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम झाला. म्हणजे 'मला माझा वर्ग द्या' म्हणून आर्जव केल्यानंतर पाच वर्षांत ते पुन्हा फळ्यासमोर उभे होते. विषय मात्र आता असा होता, ज्याची पाठ्यपुस्तकं त्यांनाच लिहावी लागत होती. १९३१मध्ये पंचसूत्री, १९३३मध्ये द्विबिंदू वर्गीकरण, १९३४मध्ये वर्गीकृत तालिकेची संहिता, १९३७मध्ये वर्गीकरणाच्या सिद्धांताचा मोठा ग्रंथ. या पुस्तकांकडे शिक्षकाच्या टिपणांसारखं पाहिलं तर त्यांचा वेग समजतो.

पंचसूत्रीची जन्मकथा रंगनाथनांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. १९२८ साल. ग्रंथालयात रोज करतो त्या शेकडो बारीक गोष्टींमागे काही थोडी मूळ तत्त्वं असली पाहिजेत, जशी भूमितीत असतात, या विचाराने ते अस्वस्थ होते. संध्याकाळी रॉस सर घरी जाता जाता त्यांच्या खोलीत डोकावले. शिष्याने अडचण सांगितली. सरांनी जाता जाता सुचवलं, की तुझं पहिलं सूत्र 'ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत' हेच ना? बाकीची चार मग भराभर सुटली: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. त्याच वर्षी डिसेंबरात चिदंबरमच्या शिक्षण परिषदेत ती प्रथम मांडली गेली.

पहिलं सूत्र ऐकून नवा विद्यार्थी हसतो. ग्रंथ उपयोगासाठी नाहीत तर काय लोणच्यासाठी? त्याला मी मूळ ग्रंथातलं पहिलं प्रकरण उघडून देतो. तिथे मध्ययुगात साखळदंडाने बांधून ठेवलेल्या ग्रंथांपासून सुरुवात आहे, आणि मग एकेक प्रश्न त्या एका वाक्याला टेकवून विचारला आहे: ग्रंथालय गावाबाहेर का बांधता? लोक कामावर असतात त्याच वेळात का उघडं ठेवता? कपाट हाताला न पोचण्याइतकं उंच का? टेबलामागचा माणूस तुसडा का? म्हणजे १९२४च्या जानेवारीत ज्या खोलीत त्यांचा जीव गुदमरला, तिची ही सविस्तर उलटतपासणी आहे. कंटाळ्याचं असं चीज क्वचितच कोणी केलं असेल.

१९३६मध्ये समुद्रकिनाऱ्याजवळच्या नव्या इमारतीत ग्रंथालय गेलं.

किंमत

आता दुसरी बाजू, कारण गौरवग्रंथांत ती फार पटकन उरकली जाते. मद्रासच्या दोन दशकांत हा माणूस रोज तेरा तास, आठवड्याचे सातही दिवस काम करत होता आणि रजा घेत नव्हता. लग्न लागलं त्या दिवशी दुपारी ते परत कामावर हजर झाले, असं सांगतात. ही गोष्ट आमच्या सभांत कौतुकाने सांगितली जाते आणि टाळ्या पडतात. मला ती ऐकताना दर वेळी त्यांच्या पत्नी शारदाबाई आठवतात, म्हणजे त्यांच्याविषयी किती थोडं सांगितलं जातं ते आठवतं.

अशा माणसाच्या हाताखाली काम करणं सोपं नसणार. वरच्यांशीही बिनसलं. विद्यापीठाच्या नव्या नेतृत्वाशी मतभेद विकोपाला गेले आणि जिथे निवृत्तीपर्यंत राहायचं ठरवलं होतं ती जागा त्यांनी राजीनामा देऊन सोडली. काही काळ मन पार खचलं होतं. मग १९४५च्या ऑगस्टमध्ये बनारस हिंदू विद्यापीठाचं बोलावणं आलं; तिथे राधाकृष्णन कुलगुरू होते. हुद्दा होता ग्रंथपाल आणि ग्रंथालयशास्त्राचा प्राध्यापक. गणिताची प्राध्यापकीच हवी म्हणून अडून बसलेल्या माणसाला 'प्राध्यापक' ही उपाधी परत मिळाली ती अशी, एकवीस वर्षांनी आणि घर सोडून. तिथे त्यांनी एकट्याने लाखभर ग्रंथांचं वर्गीकरण केलं. हे वाचून थक्क व्हायला होतं, आणि लगेच प्रश्न पडतो: एकट्याने का? ज्याने दोन दशकं माणसं घडवली त्याला हाताशी चार माणसं का नसावीत? या कामात खचलेल्या मनाचं औषधही असेल.

पुढे १९४७पासून दिल्ली विद्यापीठ, कुलगुरू मॉरिस ग्वायर यांच्या आमंत्रणावरून. तिथे पदव्युत्तर पदवी आणि संशोधनाची सोय झाली, त्यातून डी. बी. कृष्णराव यांना १९५७मध्ये डॉक्टरेट मिळाली, ती भारतातली ग्रंथालयशास्त्रातली पहिली. मग झुरिक, उज्जैन, आणि १९६२मध्ये बंगळूरला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छायेत प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र. १९६५मध्ये राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूरलाच निधन.

द्विबिंदू पद्धतीचं काय झालं? खरं सांगायचं तर ग्रंथालयांनी ती फारशी स्वीकारली नाही. आवृत्तीगणिक ती बदलत गेली, एका बोल्टाच्या जागी अनेक प्रकारची चिन्हं आली, क्रमांक लांबत गेले. चिठ्ठी पुस्तकाच्या कण्यावर मावेना. महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालयं ड्यूईवरच चालतात आणि विद्यार्थी द्विबिंदू शिकतो तो प्रात्यक्षिकाच्या पेपरपुरता. तिच्यामागचा विचार मात्र टिकला. लंडनमध्ये १९५२मध्ये जमलेल्या वर्गीकरण संशोधकांच्या गटाने तुकड्यांची, म्हणजे विषयाच्या पैलूंची, ही कल्पना उचलली. आज आपण एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर साडी शोधताना रंग वेगळा, कापड वेगळं, किंमत वेगळी निवडतो, तेव्हा तयार खण न ठेवता तुकडे जोडण्याचीच ती रीत असते. तिथे रंगनाथनांचं नाव घ्यायचं कोणाला कारण नाही.

कायद्याच्या बाबतीत मराठी वाचकाला एक गोष्ट माहीत हवी. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आदर्श कायद्याचा मसुदा रंगनाथनांनी १९३०मध्ये मांडला. त्यांच्या मद्रास प्रांतात कायदा झाला १९४८मध्ये. त्याआधीच, १९४५मध्ये, कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला होता. सबंध महाराष्ट्राला मात्र १९६७पर्यंत थांबावं लागलं.

निष्कर्ष काढायचाच तर

प्रकरण अभ्यासात निष्कर्ष मागतात. रंगनाथन असामान्य होते, म्हणून त्यांचं वेगळं झालं, हे उत्तर मला पुरत नाही. असामान्य माणसंही बंद खोलीत कुजतात. मला तीन-चार गोष्टी जुळून आलेल्या दिसतात आणि त्यांतली एकही बाजूला काढली तर गोष्ट मोडते असं वाटतं. त्यांनी तक्रार केली, मुकाट्याने रुळले नाहीत. तक्रार ऐकणाऱ्यांनी ती गैरशिस्त मानली नाही. परतीची वाट शिल्लक ठेवून त्यांना चालतं ग्रंथालय दाखवलं. आणि परत आल्यावर बरीच वर्षं हात मोकळे ठेवले. शेवटचं ज्या दिवशी संपलं त्या दिवशी तेही गेले.

आमच्याकडे यातली पहिलीच पायरी गळते. 'तूर्त लायब्ररीत' आलेला तरुण कंटाळतो, पण बोलत नाही, कारण बोलण्यासारखा कोणी नसतो. दोन वर्षांत त्याला सवय होते. मग वाचक आला की त्यालाच व्यत्यय वाटू लागतो.

मद्रासशी रंगनाथनांचा हिशोब मात्र १९४५मध्ये संपला नव्हता. ज्या विद्यापीठातून ते कडवटपणे बाहेर पडले त्यालाच त्यांनी १९५६मध्ये आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये दिले, ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी. त्या अध्यासनाला नाव दिलं शारदा रंगनाथन यांचं.